करणारा आणि पाहणारा

दुसऱ्यांच्या चुका शोधण्यात माझे निम्मे आयुष्य गेले आहे. मी शाळामास्तर. स्वतःचे शिक्षण मॅट्रिकच्या पुढे सरकले नाही. पण वह्यांच्या गठ्ठ्यातली चुकलेली वेलांटी मला वर्गाच्या दारातून दिसते, अशी माझी ख्याती आहे. त्या ख्यातीचा मला थोडा गर्वही होता. गेल्या दिवाळीच्या आधी तो उतरला, आणि उतरवला तो लोखंडाच्या एका पेटीने.

ज्या संगणकावर मी माझ्या कादंबऱ्या लिहिल्या, त्याने ऐन ऑक्टोबरच्या उकाड्यात डोळे मिटले. आमची कन्या अकरावीला, शास्त्र शाखेत. ती म्हणाली, “पप्पा, तयार कशाला घ्यायचा? सुटे भाग आणू, आपणच जोडू.” सौ.ने भिशीचे पैसे माझ्या हातावर ठेवले. “यातच फराळाचेही आहेत, एवढं ध्यानात असू द्या,” असे म्हणायला ती विसरली नाही. जळगावहून खोकी आली आणि ओसरीवर सतरंजी पसरून आम्ही श्रीगणेशा केला.

दाराशी खुर्ची टाकून नाना, म्हणजे माझे वडील, बसले होते. आमच्या वरणगावची आयुध निर्माणी 1964 साली उभी राहिली. नाना पुढे तिथे लागले आणि तिथूनच निवृत्त झाले. बंदुकीची काडतुसे तयार होतात ती ही जागा. खोकी उघडताना ते म्हणाले, “बटण दाबायच्या आधी एकदा मला दाखव.”

मी हसलो. “नाना, यातलं तुम्हाला काय कळणार?”

वाक्य तोंडातून निघून गेले. नानांनी खांद्यावरचा पंचा नीट केला आणि ते रस्त्याकडे पाहू लागले.

वाचकहो, हे जोडकाम वाटते तितके अवघड नाही. कॅबिनेटमध्ये पितळेचे बुटके खांब असतात, त्यांवर मदरबोर्ड बसतो. प्रोसेसरच्या कोपऱ्यावर एक बारीक त्रिकोण असतो, तो खाचेवरच्या त्रिकोणाशी जुळवायचा. रॅमच्या पट्टीला मधोमध नव्हे, तर जरा एका बाजूला खाच असते, म्हणजे ती उलटी बसूच नये. चोवीस टाचण्यांची जाड वायर मदरबोर्डाला वीज देते. समोरच्या बटणाच्या आणि दिव्याच्या वायरी मात्र इतक्या चिमुकल्या, की त्या बसवताना मला सुईत दोरा ओवणाऱ्या म्हाताऱ्यांची आठवण झाली. त्यातही बटणाची वायर उलटसुलट कशीही चालते. दिव्याची मात्र उलटी लागली तर दिवा पेटत नाही. कोणतीही वायर जोडण्याआधी कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावायचा, म्हणजे अंगातली स्थिर वीज निघून जाते. कन्या हे सारे सांगत होती, मी करीत होतो, आणि आपण फार हुशार आहोत असे दोघांनाही वाटत होते.

सायंकाळी बटण दाबले. काही नाही! मग कन्येला मागच्या बाजूचे छोटे बटण दिसले, ते शून्यावरच होते. ते फिरवले. पंखे गरगरले, आम्ही टाळ्या पिटल्या. पण पडदा काळाच. भुसावळजवळ दीपनगरला एवढी वीज तयार होते, तिच्यातला चमचाभर उजेड आमच्या पडद्याला मिळेना. मी सगळ्या जोडण्या पाहिल्या. पुन्हा पाहिल्या. तिसऱ्यांदा पाहिल्या. सगळे बरोबर! “दुकानदाराने खराब माल दिला,” मी निकाल दिला. सौ. काहीच बोलली नाही. कन्येचे डोळे भरून आले. अडीच तास गेले होते.

तेव्हा नाना उठले. आतून बॅटरी घेऊन आले आणि सतरंजीवर माझ्या शेजारी टेकले.

“आधी प्लग काढ,” ते म्हणाले. मी काढला.

“तू जोडलंस ना? मग तू पाहू नको. पोरी, ते पुस्तक वाच. एकेक नाव घे. आणि तू नुसतं बोट ठेव. मी पाहातो.”

“मी तीनदा पाहिलं, नाना.”

“पाह्यलं म्हंजे तपासलं असं नही होत, भाऊ,” नाना म्हणाले. “ज्यानं केलं त्याला काय करायचं होतं तेच दिसतं. काय केलं ते दिसत नही. आमच्याकडे माल करणारा वेगळा आणि पाहणारा वेगळा. त्यात कोणाचा अपमान नव्हता.”

शेवटचे वाक्य ते बॅटरीचा झोत नीट धरीत, माझ्याकडे न पाहता बोलले.

कन्या वाचू लागली. मी बोट ठेवू लागलो. प्रत्येक जोडणीला नाना एकच विचारीत, “ओढून पाह्यलं?” रॅमची पट्टी दाबली तर एका टोकाला ‘टक्’ असा आवाज झाला, म्हणजे ती आजवर एकाच टोकाने बसलेली होती. मी वरमलो. पुढे कन्येने वाचले, “प्रोसेसरची वीज, आठ टाचण्या.” मी सवयीने बोट वरच्या कोपऱ्याकडे नेले. झोत तिथे पडला. पंख्याच्या आडोशाला आठ भोकांची खाच रिकामी होती!

तिची वायर पेटीच्या पाठीमागे लोंबत होती. वायरी नीटनेटक्या दिसाव्यात म्हणून मीच ती दुपारी काढली होती, मागून ओढून घेण्यासाठी. आणि परत लावली नव्हती. मोठ्या वायरीवर पंखे फिरत होते, पण ज्याने विचार करायचा तो प्रोसेसर उपाशी होता. आणि मी? मी तीनही वेळा त्या कोपऱ्यावरून नजर फिरवून ‘हो’ म्हटले होते. ती लावल्याचे मला आठवत होते ना!

वायर बसली, टक् झाले. प्लग लावला. पडद्यावर पांढरी अक्षरे उमटली तेव्हा कन्येने मला नाही, नानांना मिठी मारली. ते योग्यच झाले.

मी मात्र त्या रात्री जागा होतो. वर्गात मी मुलांना पाट्या बदलून गणिते तपासायला लावतो. स्वतःच्या कादंबऱ्या मात्र मीच लिहितो, मीच वाचतो, मीच शाबासकी देतो. आणि नानांना मी आजवर माझे एकही पान दाखवले नव्हते. सातवी शिकलेल्या माणसाला यातले काय कळणार, हेच कारण. फक्त ते मोठ्याने म्हणायची वेळ आली नव्हती.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी नव्या कादंबरीचे बाड त्यांच्यापुढे ठेवले. “नाना, एकदा पाहून द्या.”

त्यांनी चष्मा पुसला. आठ दिवस ते वाचत होते. ओळीखाली बोट ठेवून, एकेक पान. मग मला हाक मारली.

“अक्षर बरं छापलंय. पण चौथ्या प्रकरणात म्हातारी मेली, अन् सहाव्यात ती पाणी शेंदते आहे.”

मी कपाळाला हात लावला.

“आणखी एक,” बाड बंद करीत ते हळूच म्हणाले. “त्यातला तो बाप. पोरगं त्याला एवढं बोलतं, अन् तो नुसता रस्त्याकडे पाहात बसतो. खरं आहे ते. ते नको बदलू.”

म्हातारीला मी सहाव्या प्रकरणातून काढले. बापाला तसेच ठेवले आहे.