तिसरीच्या शिंपल्यातला घास

कॉन्व्हेंटची मुलगी मराठी विभागात कशी, असा प्रश्न पडला असेल तर आधीच सांगून टाकते: विचार माझे आहेत, वेलांट्या रूममेटने तपासल्यात! विषय आहे एका माशाचा. तळायच्या नव्हे, पाळायच्या.

फर्स्ट इयरला ठाण्याहून इथे आले तेव्हा मेसचं ताट बघूनच माझं पोट भरायचं. ज्वारीची भाकरी, शेपूची भाजी, शेंगदाण्याचा ठेचा... यातलं काहीच मी कधी खाल्लेलं नव्हतं. पहिले पंधरा दिवस मॅगी, बिस्किटं आणि आईला फोन करून रडणं यावर काढले. "नुसते नखरे आहेत," असं सगळ्यांचं मत. फक्त रविवारी सिडकोत मामाकडे गेले की पोटभर जेवायचे.

मामाकडे खाऱ्या पाण्याचा फिशटँक आहे. हसू नका! समुद्र इथून सव्वातीनशे किलोमीटरवर, तरी मामाच्या हॉलमध्ये ३०० लिटरचा समुद्र आहे. एका लिटरला साधारण ३५ ग्रॅम, म्हणजे एकूण साडेदहा किलो मीठ. तेही स्वयंपाकाचं नाही, फिशटँकसाठी वेगळं मिळतं ते. पाणी आरओचं. नळाला पाणी यायचे दिवस मोजून बादल्या भरणारं ते घर, त्यामुळे आरओमधून वाया जाणाऱ्या पाण्याने मामी फरशी पुसते आणि पुसताना मामाला ऐकवते.

त्या ऑगस्टमध्ये मामाने मुंबईहून एक नवा मासा मागवला. ऑक्सिजन भरलेल्या पिशवीत, थर्माकोलच्या खोक्यात घालून तो आला. नाव कॉपरबँड बटरफ्लाय. चंदेरी अंगावर केशरी पट्टे, पाठीकडे डोळ्यासारखा काळा ठिपका आणि चिमट्यासारखं लांब तोंड. दिसायला हिरो, पण खायच्या नावाने शून्य! पॅलेट टाकल्या की जवळ यायचा, बघायचा आणि वळायचा. फ्रोझन आर्टेमिया, म्हणजे बारीक कोळंबीसारखे जीव, तेही नको. आठवडा गेला. मासा पाठीकडून बारीक दिसायला लागला.

मला वाटलं, हा तर माझाच भाऊ!

मामा मात्र गप्प गप्प असायचा. कारण मामीने मला किचनमध्ये सांगितलं. दोन वर्षांपूर्वी असाच एक मासा त्याच्या हातून उपाशी मेला होता. "तेव्हापासून दुकानदाराला आधी विचारतो, मासा खातो का म्हणून. या वेळी सुंदर दिसला, विचारायचं राहिलं." मामा नेमकं तेव्हाच पाणी प्यायला आला आणि काही न बोलता परत गेला.

पुढच्या रविवारी मामा-मामी लग्नाला गेले आणि टँक माझ्या ताब्यात आला. मी इंजिनिअरिंगची विद्यार्थिनी, साधं लॉजिक लावलं: थोडं टाकून खात नाही तर भरपूर टाकू, एखादा तरी दाणा आवडेल. अर्धी मूठ पॅलेट टाकल्या. संध्याकाळपर्यंत पाणी दुधासारखं झालं आणि मासे वर येऊन धापा टाकायला लागले. न खाल्लेलं अन्न कुजलं की अमोनिया तयार होतो. टँकमधले बॅक्टेरिया त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात, पण त्यांचीही कपॅसिटी असते. मी ओव्हरलोड केलं होतं. मामाने आल्या आल्या टेस्ट केली. पिवळी राहायला हवी होती ती नळी हिरवी झाली. रात्री अकरापर्यंत आम्ही १०० लिटर पाणी बदललं. आठवडाभराचं साठवलेलं पाणी आणि साडेतीन किलो मीठ गेलं. मामा एक शब्द बोलला नाही. त्याने रागावलं असतं तर बरं झालं असतं.

मासे वाचले. त्या रात्री जेवताना मी म्हटलं, "मामा, एवढं प्रेमाने टाकलं तरी का खात नाही रे तो?"

उत्तर मामीने दिलं. मामी मूळची मालवणची. "अगो, ह्या खावचा आसता ह्या तेका कसा कळतला?"

खरंच की! हा मासा समुद्रात पकडलेला. प्रवाळाच्या फटीत तोंड घालून किडे आणि बारीक जीव टिपायचे, एवढंच त्याला माहीत. वरून पडणारा गोल, कोरडा दाणा हे अन्न आहे हे त्याच्या गावीच नाही. नखरे नव्हते ते. त्याला ओळखच पटत नव्हती.

मामीने मुंबईच्या भावाकडून बर्फात घालून तिसऱ्या मागवल्या. देवगिरी एक्स्प्रेसने आल्या त्या! एक तिसरी उघडून, कच्चीच, दगडांच्या फटीत ठेवली. दहा मिनिटं काही नाही. मग तो आला, शिंपल्याभोवती दोनदा फिरला, लांब तोंड आत घातलं आणि एक लचका तोडला. मामा चष्मा पुसायला लागला.

चार दिवस नुसती तिसरी दिली. मग त्याच शिंपल्यात तिसरीचे तुकडे आणि आर्टेमिया. मग तिसरीच्या पाण्यात भिजवून मऊ केलेल्या पॅलेट, आधी चिमूटभर, मग जास्त. दिवसातून तीनदा थोडं थोडं द्यायचं आणि उरलेलं लगेच काढायचं. शेवटची मदत क्लाउनफिशच्या जोडीने केली. ती हॅचरीत जन्मलेली, लहानपणापासून पॅलेटवरच वाढलेली. (क्लाउनफिशची अशी पैदास आपल्याकडे केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेनेही केलेली आहे.) ती दोघं पॅलेटवर तुटून पडायची आणि हा बाजूला थांबून बघायचा. पाचव्या आठवड्यात एके दिवशी त्याने शिंपल्याबाहेर तरंगणारी एक पॅलेट उचलली, थुंकली, पुन्हा उचलली आणि गिळली.

मामाने मला हॉस्टेलवर फोन केला तेव्हा रात्रीचे दहा वाजले होते. "खाल्लं गं!" एवढंच म्हणाला. मी लेडीज हॉस्टेलच्या कॉरिडॉरमध्ये एवढ्या जोरात ओरडले की रेक्टर मॅडम बाहेर आल्या.

एव्हाना मीही भाकरी खायला लागले होते. मला कुणी उपदेश केला नव्हता. मेसच्या मावशींनी माझी भाकरी कुसकरून त्यावर दूध घातलं होतं, घरी आई पोळीचं करते तसं. आणि समोर बसलेल्या परभणीच्या मैत्रिणी ठेचा असा खायच्या की बघूनच भूक लागावी.

मामाने तेव्हापासून एक नियम केलाय. दुकानात आपल्यासमोर खाताना दिसल्याशिवाय मासा घ्यायचा नाही आणि शक्यतो हॅचरीतलाच घ्यायचा. "याचं जमलं, पण आधीच्याचं नव्हतं जमलं," असं तो अजूनही म्हणतो.

मी आता थर्ड इयरला आहे. परवा मेसमध्ये फर्स्ट इयरची एक मुलगी ताट पुढे घेऊन नुसती बसली होती. माझ्या टेबलावरून आवाज आला, "नखरे बघ!" मी माझं ताट उचललं आणि तिच्यासमोर जाऊन बसले. काही बोलले नाही. भाकरी मोडली, ठेचा लावला आणि खायला लागले.

ती बघत होती.