सुटलेला टाका

एम.ए.चा अभ्यास आणि धाकट्याचा स्वेटर मी एकाच दिवाळीत हाती घेतले. मांडीवर पुस्तक, हातांत सुया, गॅसवर दूध! दोन सुलट, दोन उलट मोजता मोजता पान उलटायचेच राही.

एके रात्री पाहते तो टाका सुटून वीस ओळी खाली उतरलेला! ‘उसवते सगळे, परीक्षाही पुढच्या वर्षीच देते,’ मी रडवेली होऊन म्हटले.

सासूबाईंनी क्रोशाची सुई मागितली. एकेक आडवा धागा ओढून घेत त्यांनी टाका वर आणला. ‘अगं, सुटला तेवढाच उचलायचा. तू वाच, दूध मी पाहते.’

एप्रिलमध्ये परीक्षा दिली. स्वेटर पुरा झाला तो भर उन्हाळ्यात. धाकट्याने मात्र तो दिवसभर अंगातून काढला नाही.