बिदरची लाल धूळ आणि काकांच्या गाडीचं कुलूप

हैदराबादहून मुंबई रस्त्याला लागलं आणि झहीराबाद मागे पडलं, की कडेची माती लाल दिसायला लागते. आपल्यातली बरीच मंडळी वर्षातून दोनदा तरी या रस्त्याने सोलापूर-पुण्याला जातात. हुमनाबादला चहाला थांबतात आणि पुढे निघतात. बिदर आणि कलबुर्गी हे जिल्हे आपल्याला गाडीच्या खिडकीतून दिसतात तेवढेच माहीत. यंदा मार्चच्या शेवटी मात्र मी तिथे चार दिवस काढले. भालकी, बिदर, माणिकनगर, कलबुर्गी आणि शेवटी गाणगापूर, असा बेत होता. बरोबर भालकीची मावशी, बारा वर्षांचा पुतण्या आणि मावशीच्या यजमानांची, म्हणजे आमच्या काकांची, पंधरा वर्षं जुनी छोटी गाडी. काका जाऊन दोन वर्षं झाली. गाडी विकायची म्हटलं की मावशी विषय बदलते.

आधी त्या मातीविषयी सांगते, कारण पुढची सगळी गोष्ट तिच्यातूनच निघाली.

बिदर जांभ्या दगडाच्या पठारावर वसलंय. कोकणात घराला लावतात तोच हा जांभा, पण इथे त्याचा अख्खा किल्ला उभा आहे. पंधराव्या शतकात अहमदशहा बहामनीने राजधानी कलबुर्गीहून बिदरला आणली, ती या उंच, कोरड्या, मोकळ्या हवेच्या जागी. किल्ल्याचा खंदक खडक कापून काढलेला आहे. काही ठिकाणी तर एकात एक तीन खंदक आहेत, मध्ये खडकाच्याच भिंती ठेवलेल्या. पुतण्याने वरून वाकून पाहिलं आणि विचारलं, "आत्या, हे सगळं हाताने?" हो, सगळं हाताने. शहरात महमूद गवानचा मदरसाही पाहिला. १४७२ सालचा. त्याच्या दर्शनी भागावरच्या निळ्या-हिरव्या फरशा थोड्याच उरल्यात, पण तेवढ्याही पाहून थांबायला होतं.

जांभ्यात लोह भरपूर असतं, म्हणून तो लाल. त्याची झीज होऊन जी भुकटी होते ती पिठासारखी बारीक असते. किल्ल्यात दोन तास फिरलात की बुटांपासून भुवयांपर्यंत सगळं गेरूने माखल्यासारखं होतं. याच किल्ल्यातली जुनी माती बिदरी कामात वापरतात. बिदरीचा धातू म्हणजे जस्त भरपूर आणि तांबं थोडं. तो ओततात, घासतात, त्यावर नक्षी कोरून खाचांत चांदीची तार ठोकून बसवतात. मग किल्ल्यातली माती आणि नवसागर यांचं मिश्रण पाण्यात गरम करून त्यावर चोळतात. धातू काळाकुळीत होतो आणि चांदी तशीच पांढरी राहते. शेवटी तेलाचा हात. ज्या धुळीला आपण शिव्या घालतो, तिच्यातून इथल्या लोकांनी शेकडो वर्षं पोट भरलंय.

आता मावशीविषयी. तिचं माहेर उदगीर, सासर भालकी. रेल्वेने एका रुळावरची गावं, तासाभराचं अंतर. पूर्वी दोन्ही गावं निजामाच्या राज्यात, एकाच बिदर जिल्ह्यात होती. १ नोव्हेंबर १९५६ रोजी भाषावार राज्यं झाली आणि या जिल्ह्याचे तीन वाटे पडले. उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके मुंबई राज्यात गेले आणि पुढे महाराष्ट्रात आले. भालकी, हुमनाबाद, बिदर म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात. आणि आपण ज्या झहीराबादवरून जातो तो भाग आंध्र प्रदेशात गेला, आता तो तेलंगणात आहे. मावशी म्हणते, "आम्ही कुठं गेलो नाही बाई, सरहद्दच आमच्या दारावरून गेली." घरात मराठी, बाजारात कन्नड, शेजारी दखनी. तिला यात काही विशेष वाटत नाही.

तिसऱ्या दिवशी आम्ही माणिकनगरला गेलो. हुमनाबादला लागूनच आहे. माणिकप्रभू महाराजांचा जन्म १८१७ चा, समाधी १८६५ ची. त्यांचा संप्रदाय सकलमत, म्हणजे सगळीच मतं आपली. त्यांची पदं मराठीत आहेत, कन्नडमध्ये आहेत, हिंदुस्थानीतही आहेत. या मातीत राहणाऱ्या माणसाला एका भाषेत देव पुरत नसावा.

दर्शन झालं, प्रसादाची वेळ झाली. मावशीला मधुमेह आहे, जेवणाआधी इन्सुलिन घ्यावं लागतं. ती पिशवी गाडीत होती. पुतण्याला चावी देऊन पाठवलं, तो दहा मिनिटांनी घामाघूम होऊन परत आला. "आत्या, किल्ली आत जाते, पण फिरतच नाही."

मी जाऊन पाहिलं. खरंच, चावी पूर्ण आत जात होती आणि तिथेच अडकत होती. या जुन्या गाडीला रिमोट नाही. डाव्या दाराच्या कुलपात तर चावी अर्धीच शिरत होती, कारण ते कित्येक वर्षांत कुणी उघडलेलंच नव्हतं. डिक्की आतल्या खटक्याने उघडते. ऊन डोक्यावर होतं. बंद गाडी उन्हात किती तापते हे सांगायला नको, आणि तापलेल्या इन्सुलिनचा गुण जातो. मावशीचं जेवणही त्यावर अडलेलं.

पुतण्याने तोवर मोबाइलवर एक व्हिडिओ शोधला होता. त्यातला माणूस लायटरने चावी तापवून कुलपात घालत होता. ती बर्फाच्या देशातली युक्ती. तिथे कुलपात पाणी गोठतं, गरम चावीने ते वितळतं. हुमनाबादच्या मार्चमध्ये वितळायला काय असणार?

रस्त्यापलीकडे पंक्चरचं दुकान होतं. तिथल्या चाचांना आणलं. त्यांनी आधी चावीला हातच लावला नाही. वाकून कुलपाचं तोंड पाहिलं आणि मागे उभ्या ट्रॅक्टरवाल्याला कन्नडमध्ये म्हणाले, "कीली जाम आगेद." पुतण्याने ऐकलं 'किल्ली'. तो लगेच म्हणाला, "आजी, दुसरी किल्ली आहे का? ही खराब आहे म्हणतात." मावशी हसली. या भागातल्या कन्नडमध्ये 'कीली' म्हणजे कुलूप, आणि चावीला 'कीलीकै'. आपली किल्ली सरहद्दीपलीकडे कुलूप होते! आणि आपला 'कुलूप' तरी कुठला? अरबी-फारसी 'कुफ्ल'. म्हणजे मराठी माणूस दाराला फारशी शब्द लावतो.

मी जरा जोर लावून पाहू का, असं विचारल्यावर चाचा म्हणाले, "नक्को, नक्को. जोर लगाए तो चावी टूट जाती." मग मावशीकडे वळून चक्क मराठीत, "आक्का, पाच मिनिटं थांबा. काच फोडायची गरज नाही."

त्यांनी काय केलं ते क्रमाने सांगते, कारण ते उपयोगी आहे.

कुलपाच्या तोंडावर स्प्रिंगची एक बारीक झडप असते, धूळ आत जाऊ नये म्हणून. या कुलपाची झडप तुटलेली होती. चाचांनी आधी हवा भरायच्या नळीने कुलपात हवा मारली. लाल भुकटी उडाली. मग गंज सोडवणाऱ्या स्प्रेची बारीक नळी आत घालून दोन फवारे मारले आणि दोन मिनिटं नुसतं थांबले. त्यानंतर चावी आत-बाहेर, आत-बाहेर, न फिरवता. दर वेळी चावी फडक्याला पुसायची. फडक्यावर तपकिरी, चिकट गाळ येत होता, एखाद्या लेपासारखा. असं पंधरा-वीस वेळा झाल्यावर चावी आत ठेवून बोटांनी अगदी हलका पीळ दिला आणि स्क्रूड्रायव्हरच्या लाकडी मुठीने चावीच्या डोक्यावर टकटक केलं. चौथ्या टकटकीला कुलूप फिरलं.

मावशीची पिशवी सावलीत आली. डबा थर्मासचा होता, आतलं बर्फाचं पाकीट अजून गार होतं. तिने इन्सुलिन घेतलं आणि आम्ही शेवटच्या पंगतीला बसलो.

जेवून आल्यावर चाचांनी पुतण्याला सगळं समजावलं. कुलपाच्या आत एक दंडगोल असतो. त्यात पितळेच्या पातळ पट्ट्या, प्रत्येकीला केसाएवढी स्प्रिंग. बरोबर चावी गेली की सगळ्या पट्ट्या एका पातळीत येतात आणि दंडगोल मोकळा फिरतो. एक पट्टी जरी गाळात अडकली तरी चावी फिरत नाही. "हा गाळ आला कुठून?" पुतण्याने विचारलं. चाचांनी फडकं हुंगलं. "खोबरेल."

मावशी गप्प झाली. मग म्हणाली, "हे दर दसऱ्याला घालायचे. खंडेनवमीला गाडी धुवायची, हार घालायचा, आणि सगळ्या कुलपांत दोन-दोन थेंब तेल." काकांची माया ती, पण तेल धूळ धरून ठेवतं. खोबरेल काळाने चिकट होतं, वरून बिदरची पिठासारखी माती. दोन वर्षं गाडी फारशी चालली नाही, तेवढ्यात त्याचा लेप वाळला.

चाचा म्हणाले, नवीन कुलूप बसवता येईल, पण मग दाराची चावी वेगळी आणि गाडी चालू करायची वेगळी. मावशीने मान हलवली. "ह्यांचंच राहू द्या." तेव्हा त्यांनी स्प्रेने कुलूप आतून पुन्हा धुतलं, हवेने कोरडं केलं, आणि पोराच्या दप्तरातली मऊ शिसाची पेन्सिल मागवली. चावीच्या दोन्ही अंगांना शिसं घासायचं, चावी कुलपात चार वेळा फिरवायची, पुसायची, पुन्हा घासायचं. पेन्सिलचं शिसं म्हणजे ग्रॅफाइट. ते कोरडं आणि निसरडं असतं, धूळ धरत नाही. मात्र ग्रॅफाइट आणि तेल एकत्र करायचं नाही, नाहीतर पुन्हा चिखल. डाव्या दाराचं कुलूपही त्यांनी तसंच मोकळं केलं. पैसे सांगितले ते इतके थोडे होते, की मावशीने प्रसादाचा डबाही हातात दिला.

संध्याकाळी कलबुर्गीच्या वाटेला लागलो. कमलापूरला लाल साली केळी घेतली, तिथलीच खास. तिथून पुढे माती काळी होते, तुरीची शेतं सुरू होतात. कलबुर्गीच्या पुढे शहाबाद-वाडीकडे चुनखडीचा प्रदेश. आपल्या जुन्या घरांतली शहाबादी फरशी तिथली, आणि सिमेंटचे कारखानेही. गाणगापूरला भीमा-अमरजेच्या संगमावर आम्ही पोचलो तेव्हा पुतण्या प्रत्येक थांब्याला गाडीच्या दारावर बोट फिरवून धुळीचा रंग पाहत होता. लाल, करडी, काळी. दोन जिल्ह्यांचा नकाशा त्याला असाच पाठ झाला.

तुम्ही त्या बाजूला गेलात तर हे ध्यानात ठेवा. चावी आतच जात नसेल तर कुलपाच्या तोंडाशी कचरा आहे. आत जाऊन फिरत नसेल तर पट्ट्या अडकल्यात. आणि चावी फिरूनही दार उघडत नसेल तर कुलूप ठीक आहे, आतला गज किंवा दाराचा खटका बिघडलाय. तिथे तेल-पेन्सिल चालत नाही, दाराचं आतलं आवरण काढावं लागतं. मात्र बंद गाडीत लहान मूल किंवा म्हातारं माणूस अडकलं असेल, तर यातलं काहीही करत बसू नका. ११२ ला फोन लावा, आणि माणसापासून लांबची बाजूची काच कोपऱ्यात मारून फोडा.

तरुण मंडळी म्हणतील, आमच्या गाडीला तर रिमोट आहे. बहुतेक रिमोटच्या पोटातही एक साधी चावी लपलेली असते, आणि दाराच्या मुठीपाशी, कधी झाकणाखाली, तिचं भोक असतं. रिमोटचा सेल संपला की तेच एक दार. महिन्यातून एकदा त्या चावीने दार उघडा. पावसाळ्यानंतर आणि धुळीच्या प्रवासानंतर तर नक्की. मावशी आता दर एकादशीला अंगणात जाऊन गाडीची दोन्ही कुलपं फिरवते. पेन्सिल देवघराच्या खणात, उदबत्त्यांशेजारी ठेवलीय.