पाण्याचे तीन भाग

बंगळुरूहून रविवारी पहाटे नंदी हिल्सकडे निघणाऱ्या सायकलस्वारांत एक मराठी दांपत्यही असते. तो चढ अंगवळणी पडला, तेव्हा येत्या हिवाळ्यात थरच्या वाळवंटात सायकली न्यायच्या असे दोघांनी ठरवले.

पतिराजांनी नकाशावर रेघ ओढली. जैसलमेरहून समच्या वाळूच्या टेकड्या सुमारे ४० किलोमीटरवर. डांबरी रस्ता सोडून आडवाटेने एका दिवसात गाठू!

पत्नीने विचारले, “अहो, इथे वाटेत टपऱ्या आहेत. तिथे पाणी संपलं तर?”

या एका प्रश्नाने सारा बेत बदलला. वाळूत चाक रुतते, वेग निम्म्याहून कमी होतो आणि पाणी जास्त लागते. म्हणून पहिल्या दिवशी आडवाटेने १० किलोमीटरच जायचे ठरले. पाण्याचे तीन भाग करायचे: एक जाण्याचा, एक येण्याचा, एक अडचणीचा. पहिला भाग संपला की, कितीही मोह झाला तरी मागे वळायचे.

टायर रुंद हवेत. त्यांतली हवा थोडी कमी केली की ते पसरतात व कमी रुततात. सराटे आणि बाभळीचे काटे मात्र कुणालाच सोडत नाहीत. त्यामुळे जादा ट्यूब, पंप व पंक्चरचे सामान दोघांकडेही हवे. डिसेंबर-जानेवारीत दिवस सुखाचे, पण रात्री कडाक्याची थंडी असते. बंगळुरूचा पातळ स्वेटर तिथे पुरत नाही.

बेत आखडल्याने पती जरा हिरमुसले. पण दोन्ही मुले आजीपाशी राहणार आहेत, हे आठवताच त्यांनीच रबर घेऊन नकाशावरची उरलेली रेघ पुसून टाकली.