पंख आणि पंखा

गेले दोन-तीन महिने घरात कुणाचाही फोन आला की ख्यालीखुशालीच्या आधी एकच प्रश्न. "काय हो, तुमची पुतणी खरंच उडते का?" डोंबिवलीच्या वहिनी विचारतात, पुण्याचे मामेभाऊ विचारतात, न्यू जर्सीचा भाचा तर तिकडच्या दिवसाला इकडची रात्र असते हे विसरून विचारतो. त्यामागे दुसरा एक प्रश्न असतो, तो भिडेपोटी कुणी उघड विचारत नाही. तुम्ही एवढ्या वयाच्या, शाळेत जन्म घालवलेल्या, तुम्ही तिला थांबवायचं सोडून वर पैसे कसे दिलेत? प्रत्येकाला वेगवेगळं उत्तर देत बसण्यापेक्षा एकदाच सविस्तर लिहावं म्हटलं.

तर मंडळी, हो. ती उडते. पॅरामोटर नावाच्या यंत्राने.

पॅराग्लायडिंग बहुतेकांनी निदान टीव्हीवर तरी पाहिलं असेल. कापडाचा लांबट पंख डोक्यावर घ्यायचा, डोंगराच्या उतारावरून धावायचं, आणि हवेने उचललं की तरंगायचं. १९७८ साली फ्रान्समधल्या मियुसी नावाच्या गावात काही पॅराशूटवाल्यांनी विमानाऐवजी डोंगरावरून धावत सुटायला सुरुवात केली, तिथून हा खेळ पसरला. पॅरामोटरमध्ये पंख तोच, पण माणसाच्या पाठीवर इंजिन आणि मोठा पंखा. त्यामुळे डोंगर लागत नाही, सपाट माळावरूनही वर जाता येतं. चाकं नाहीत, खुर्चीवजा झोळी सोडली तर बसायला काही नाही. धावपट्टीवरची चाकं म्हणजे आपलेच दोन पाय!

"मग आपल्या चौपाटीवर का नाही शिकत?" असं शेजारच्या आजोबांनी गिरगावच्या पद्धतीने विचारलं. मुंबईत हे चालत नाही. विमानतळ जवळ, आणि शिवाय मुंबई पोलिस वेळोवेळी मनाई आदेश काढतात, त्यात ड्रोनच्या जोडीला पॅराग्लायडर, पॅरामोटर, हँग ग्लायडर, गरम हवेचे फुगे सगळ्यांची नावं असतात. पूर्वी हे आदेश कलम १४४ खाली निघत, २०२४ च्या जुलैपासून नव्या संहितेच्या कलम १६३ खाली निघतात. आणि आदेश नसता तरी समुद्र आहेच. पाण्यात उतरायची वेळ आली तर पाठीवरचं ते ओझं माणसाला खाली ओढतं. चांगलं पोहता येणाराही त्या पट्ट्यांतून वेळेत सुटेल असं नाही.

म्हणून ती कामशेतला गेली. दादरहून गाडीने लोणावळा, तिथून पुणे लोकलने कामशेत. पवना धरणाच्या परिसरातल्या टेकड्यांवर १९९० च्या दशकापासून पॅराग्लायडिंग शिकवतात. मी तिच्याबरोबर दोनदा गेले. पहिल्यांदा काळजीपोटी, दुसऱ्यांदा कुतूहलापोटी.

चाळीस वर्षं वर्गात उभं राहिल्यामुळे कुणी काही शिकवत असेल की माझं लक्ष आधी शिकवणाऱ्याकडे जातं. तिथे पहिले दोन दिवस कुणीही उडालं नाही. नुसतं मैदानावर पंख उभा करायचा, डोक्यावर धरायचा, खाली घ्यायचा, पुन्हा उभा करायचा. पाटीवर 'अ' गिरवतात ना, तस्संच. सर ओरडत होते ते एकच, "वर बघ, पंख काय सांगतोय ते ऐक." आमची लेक लालबागच्या गच्चीवर भावांची फिरकी धरत वाढलेली. तिने मला संध्याकाळी सांगितलं, "आत्या, हे पतंगासारखंच आहे. फक्त इथे मांजाच्या टोकाला मी आहे." आणि गंमत म्हणजे हा पंख मुळात एका पतंगवाल्याच्याच डोक्यातून निघालेला. डोमिना जॅल्बर्ट नावाचे गृहस्थ अमेरिकेत पतंग बनवायचे. कापडाचे दोन थर, मध्ये कप्पे, पुढून तोंडं उघडी, हवा आत शिरली की पंख आपोआप ताठ उभा राहतो, ही कल्पना त्यांनी १९६० च्या दशकात काढली. आत काडी नाही की कामटी नाही. हवा हाच त्याचा सांगाडा.

पंख पुरता हातात बसल्यावर मग इंजिन. इथे सामानाचा प्रश्न आला, आणि घरातले सगळे इथेच घाबरले.

आपल्याकडे मुलांना कपडे घ्यायचे ते वाढत्या अंगाचे. थोरल्याचा शर्ट धाकट्याला, धाकट्याचा शेजारच्याला. पंखाच्या बाबतीत हे बिलकुल चालत नाही. प्रत्येक पंखावर लेबल असतं, एवढ्या किलोपासून एवढ्या किलोपर्यंत. ते वजन नुसत्या माणसाचं नसतं, जमिनीवरून जे जे काही उचललं जातं त्या सगळ्याचं असतं. मी शिकवायची मराठी, पण बेरीज मलाही येते. ती केली ती अशी: ती स्वतः ५६ किलो. कपडे, बूट, हेल्मेट ३. पंख ५. रिझर्व्ह पॅराशूट २. पिंजरा आणि हार्नेससकट इंजिन २३. आठ लिटर पेट्रोल म्हणजे साधारण ६. एकूण ९५. नुसतं पॅराग्लायडिंग करताना हीच बेरीज ७० च्या आसपास येत होती. म्हणजे ज्या पंखावर ती शिकली, जो तिच्या सवयीचा आणि आवडीचा होता, तो इंजिनासकट तिच्या कामाचा राहिला नाही.

लहान पंखावर जास्त वजन टांगलं तर तो वेगाने जातो, वेगाने वळतो, वेगाने उतरतो. मुरलेल्या लोकांना तेच हवं असतं. फार मोठा घेतला तर तो सावकाश जातो हे खरं, पण वारा वाढला की जागच्या जागी डुलत राहतो आणि जमिनीवर आवरत नाही. नवशिक्यासाठी पंखांची एक सोपी प्रतवारी आहे. युरोपातल्या चाचणीत ए, बी, सी, डी असे वर्ग करतात, ए म्हणजे सगळ्यात समजूतदार. सरांनी तिला बजावलं, पहिला पंख ए किंवा फार तर सौम्य बी. दुकानदार काय म्हणतो आणि मित्र काय उडवतात ते विचारायचं नाही.

इंजिनाचंही तसंच. तिच्यापुढे दोन पर्याय होते. एक ८० सीसीचं, साधारण १५ अश्वशक्तीचं. दुसरं १८५ सीसीचं, २५ अश्वशक्तीचं. दोन्ही इटलीत बनणारी. तिच्या ऑफिसातल्या मित्राचं मत, "मोठंच घे, पुढे उपयोगी पडेल." (पुन्हा वाढत्या अंगाचं!) पण मोठं इंजिन काही किलोंनी जड, आणि ते पाठीवर घेऊन धावायचं कुणी? शिवाय पंखा एका दिशेने जोरात फिरतो तेव्हा खाली लोंबकळणारा माणूस उलट्या दिशेला वळू पाहतो. इंजिन जेवढं दांडगं आणि माणूस जेवढा हलका, तेवढं हे वळणं जास्त. ५६ किलोच्या बाईला लहान इंजिन पुरतं. त्या लहान इंजिनाला क्लच आहे, त्यामुळे ते मंद चालू असताना पंखा फिरत नाही, हा आणखी एक फायदा. या खेळात हाताला होणारे वाईट अपघात बरेचदा आकाशात होतच नाहीत, जमिनीवर इंजिन सुरू करताना होतात.

ही इंजिनं टू-स्ट्रोक, म्हणजे पेट्रोलमध्ये तेल मिसळावं लागतं, दर लिटरला २० मिली. जुन्या बजाज स्कूटरला पंपावर तेल टाकून घ्यायचो ते आठवत असेल. तो वास मला त्या माळावर आला आणि क्षणभर दादरच्या पंपावर उभी असल्यासारखं वाटलं.

मला सगळ्यात आवडला तो टांगण्याचा धडा. शेडच्या लोखंडी तुळईला दोन पट्टे बांधून, इंजिन पाठीवर चढवून तिला त्यांत अक्षरशः लटकवलं. हसू येईल असंच दृश्य होतं, पण सर हसत नव्हते. पाठ किती मागे झुकते ते पाहिलं. फार मागे झुकली तर पंख्याचा जोर भलतीकडे लागतो आणि पट्टे पिळतात, फार पुढे आली तर उडाल्यावर खुर्चीत बसता येत नाही. बकल एक छिद्र पुढे, पुन्हा लटक. एक छिद्र मागे, पुन्हा लटक. हात न लावता झोळीत बसता येतं का? ब्रेकच्या मुठी हाताला येतात का? इंजिन बंद करायचं बटण न बघता सापडतं का? डोळे मिटून दाखव. रिझर्व्हची मूठ? पुन्हा डोळे मिटून. दोन तास हे चाललं होतं. शेवटी एक आकडा ठरला, तो तिने वहीत लिहून घेतला आणि पट्ट्यावर मार्करने खूणही केली.

आणि रोज उडण्याआधी हजेरी. हेल्मेट? हजर. छातीचा पट्टा? हजर. पायांचे पट्टे? हे मोठ्याने म्हणायचं आणि हात लावून पाहायचं. पायांचे पट्टे लावायला विसरून वर गेलेली माणसं आहेत. चांगली अनुभवी माणसं.

आता पैशांबद्दल.

नवीन सामान महाग, म्हणून तिने आधी जुना संच पाहिला. कोकण किनाऱ्यावरच्या एका माणसाकडे होता. "फक्त तीस तास उडालाय," असं तो म्हणाला, फोटो झकास होते, हिने वीस हजार विसार दिला. सामान पाहायला गेली तेव्हा सरांना घेऊन गेली. कापडातून हवा किती झिरपते ते मोजायचं एक छोटं यंत्र असतं. ते लावल्यावर कळलं की कापड तीस तासांचं असूच शकत नाही. ऊन आणि खारा वारा नायलॉनला खातात. दोऱ्या मोजल्या तर मागच्या आखडलेल्या, पुढच्या ताणलेल्या. असा पंख डोक्यावर यायला आळस करतो आणि हवेत बेसावध क्षणी दगा देतो. पतंगाची कन्नी चुकीची बांधली की तो गोते खातो, तेच. विकणाऱ्याने विसार परत केला नाही. वीस हजार तिच्या पगारात थोडे नाहीत. "आता घेतलाच पाहिजे, नाहीतर पैसे फुकट जातील," असं कुणीही म्हटलं असतं. ती उठली, नमस्कार केला आणि परत आली.

ती घरी येऊन हे सांगत होती तेव्हाच मी ठरवलं, हिला पैसे द्यायचे. पण कशासाठी द्यायचे ते माझं मी ठरवलं. पंख तिने तिच्या पैशाने घेतला, इंजिन हप्त्यांवर. माझ्या मुदत ठेवीतून आलं ते रिझर्व्ह पॅराशूट. मोठा पंख मिटला, गुरफटला, तर हाताने ओढून फेकायचं ते दुसरं छत्र. तेही वजनाप्रमाणेच निवडावं लागतं. न वापरता पडून असलं तरी दर वर्षी उलगडून, हवा देऊन जाणकाराकडून पुन्हा घडी घालून घ्यावं लागतं. फार खाली असताना ते उघडायला वेळच मिळत नाही, हेही सरांनी माझ्यापासून लपवलं नाही. त्याचा उपयोग कधीच होऊ नये अशी इच्छा धरून मी ते घेतलं आहे. वहिनी, आपण विम्याचे हप्ते भरतो ते काय वेगळ्या भावनेने?

लालबागच्या दहा बाय बाराच्या खोलीत हे सगळं ठेवायचं कुठे, हा शेवटचा प्रश्न. पंखाची पिशवी माळ्यावर आहे. कोरडी, उन्हापासून दूर, आणि पावसाळ्यात बुरशी धरू नये म्हणून मधूनमधून घरातच पसरून वारा दाखवलेली. त्या दिवशी घरच्यांनी पलंगावर बसून जेवायचं असा अलिखित नियम झाला आहे. इंजिन चाळीत आणायचं नाही असं तिनेच सांगितलं. पेट्रोल भरलेलं इंजिन रेल्वेने नेता येत नाही आणि स्वयंपाकघराशेजारी ठेवू नये. ते टाकी रिकामी करून तिकडेच एका ओळखीच्या शेतकऱ्याच्या गोठ्याशेजारच्या खोलीत असतं.

मार्चमधली एक सकाळ सांगते. शुक्रवारी रात्री ऑफिसातून थेट निघून ती तिकडे पोचली होती. पहाटे उठून इंजिन तपासलं, पंख पसरला, हजेरी झाली. वारा मात्र वाढत होता. ताशी पंधरा किलोमीटरच्या वर गेला तर तिने उडायचं नाही असं ठरलेलं. यंत्र दाखवत होतं अठरा. बाजूचे दोघे उडाले. ही अर्धा तास गवतात बसून राहिली, मग पंख गुंडाळला आणि दुपारच्या गाडीने परत आली. घरी आल्यावर आईने विचारलं, "उडलीस?" "नाही, वारा होता." एवढंच बोलली आणि पोहे खायला बसली. शाळेत मी हुशार मुलं खूप पाहिली. बाकीचे निघाले असताना जागेवर बसून राहणारी मोजकीच.

भीती वाटते का? वाटते. ती हवेत असते तेव्हा माझं कशात लक्ष लागत नाही. पण हे सगळं पाहण्याआधीची माझी भीती आंधळी होती. आता मला माहीत आहे, कशाची भीती बाळगायची आणि त्यासाठी काय तपासायचं. शंका असलेल्यांनी पावसाळा संपल्यावर, ऑक्टोबरात, माझ्याबरोबर कामशेतला चलावं. पहाटेची गाडी पकडावी लागेल, टोपी आणि पाणी ज्याचं त्याने आणायचं. डबा मी करते. उडण्याचा आग्रह कुणी करणार नाही, पण तुळईला टांगून घ्यायला हरकत नाही!