मुका रुग्ण

मुलांनो, लग्नाच्या वरातीतली सजवलेली घोडी तुम्ही पाहिली असेल. घाटकोपरला माझ्या चाचांकडे अशीच एक घोडी होती. तिचे नाव चांदनी. मी सहावीत असताना ती लंगडू लागली. चाचांनी डॉक्टरांना बोलावले. त्यांनी पायाचा क्ष-किरण फोटो काढला. तेव्हा फोटो फिल्मवर निघे आणि फिल्म अंधाऱ्या खोलीत धुवावी लागे. चांदनीने पाय हलवला होता, म्हणून फोटो पुसट आला. दुसऱ्या दिवशी पुन्हा काढला, तेव्हा हाडातली चीर दिसली. चांदनी पुन्हा वरातीत गेली नाही.

मुंबईत परळला पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ साली सुरू झाले. क्ष-किरणांचा शोध जर्मनीत राँटगेन यांनी १८९५ साली लावला. तोवर डॉक्टर हाताने चाचपून दुखणे ओळखत. आज डिजिटल यंत्र तबेल्यातही नेता येते. पायाला लागून एक पातळ पाटी धरतात आणि काही सेकंदांत हाड पडद्यावर दिसते. फोटो बिघडला, तर लगेच दुसरा काढता येतो.

पण एक गोष्ट मी चाचांना कधी सांगितली नाही. चांदनीला लंगडताना मी दोन दिवस आधीच पाहिले होते. खेळाच्या नादात सांगायचे राहून गेले. मुलांनो, यंत्र कितीही चांगले असो, मुक्या जनावराचे दुखणे आधी आपल्याच डोळ्यांना दिसते. ते पाहिले, तर लगेच सांगा.