पहारा आधीं, कोठार मागून

घर बांधतांना दारें किती ठेवावीं याचा विचार सर्वच करतात. परंतु त्या दारांशीं कोणास बसवावें, आणि कोणाच्या मागें कोणास, हा विचार बहुधा राहून जातो. गेल्या वर्षीं आम्हांस तो करावा लागला, आणि तोहि विटामातीच्या घराविषयीं नव्हे.

आमच्या घराण्याचा कुलवृत्तान्त पूर्वीं छापलेला आहे. पण त्यांतील पुष्कळ नोंदी आतां जुन्या झाल्या. धुळें, जळगांव, पुणें व परदेश येथें पांगलेल्या घरांना आपापली नोंद मोबाइलवर पाहतां व सुधारतां यावी, असें आमच्या नातवानें मनावर घेतलें, आणि देवपुरांतील आमच्या माडीवर बसून 'रेल्स' नांवाच्या चौकटींत काम आरंभिलें. अर्थ समजल्यावांचून पुढें जाऊं न देणें ही आमची जुनी मास्तरकी खोड; त्यामुळें रोज संध्याकाळीं आम्हांस सर्व समजावून सांगणें त्यास भाग पडे.

त्याचें म्हणणें थोडक्यांत असें. हें ॲप्लिकेशन स्वतः पानें सजवीत नाहीं. नुसती माहिती देतें. तिला वेष चढविण्याचें काम मोबाइलचें. यासच केवळ 'एपीआय'ची रचना म्हणतात. मागणी बाहेरून आली कीं ती एकदम आंतल्या खोलींत जात नाहीं. वाटेंत 'मिडलवेअर'चे थर असतात. प्रत्येक थर ती मागणी पाहतो, पुढें धाडतो किंवा तेथूनच उत्तर देऊन परत लावतो. आणि आंतून आलेलें उत्तर त्याच थरांतून, उलट्या क्रमानें, बाहेर पडतें. रूबी भाषेंत या थरांच्या जोडणीची सर्वमान्य रीत 'रॅक'नें घालून दिली. तें २००७ सालचें. हें ऐकतांच आम्हांस देहलीदीपन्याय आठवला. उंबरठ्यावरचा दिवा घरांतहि उजेड पाडतो आणि अंगणांतहि. तसा हा एकच थर येणाऱ्यासहि पाहतो व जाणाऱ्यासहि.

आतां निवडीचा प्रश्न. २०१६ सालीं रेल्सची पांचवी आवृत्ति निघाली, तींत केवळ एपीआयसाठीं हलका संच घेण्याची सोय झाली. कुकी, सेशन, आणि पान बदलतांना क्षणभर दिसणारे निरोप, हे ब्राउझरच्या उपयोगाचे थर त्यांत मुळांतच वगळलेले असतात. प्रत्येक मागणीस ओळखखूण देणारा, तिची नोंद लिहिणारा, चूक झाल्यास नीट उत्तर देणारा, हे थर राहतात. आणखी एक सुरेख थर राहतो. तो उत्तरावर 'ईटॅग' नांवाची खूण करतो. मागणाऱ्यानें तीच खूण परत दाखविली व माहिती बदललेली नसली, तर ३०४ हा आंकडा तेवढा जातो, मजकूर पुन्हा धाडावा लागत नाहीं. या संचांत नातवानें एक पहारेकरी घातला. मागणाऱ्याजवळ किल्ली नसेल, तर ४०१ हा आंकडा देऊन त्यानें परत लावावयाचें.

येथें आम्हीं दोन सल्ले दिले. पहिला असा कीं, नोंद लिहिणारा थर काढून टाकावा. घरच्याच माणसांची हजेरी कशाला? दुसरा असा कीं, परदेशच्या मंडळीला उत्तर सावकाश मिळतें, तर एकदां दिलेलीं उत्तरें सांठवून ठेवणारें कोठार दाराशींच असावें, म्हणजे आंत जाण्याची खेप वांचेल. पहिल्यास नातू म्हणाला, "नको आजोबा, हजेरी राहूं द्या." दुसरा मात्र त्यानें आमचा मान राखून मान्य केला, आणि तसा थर स्वतः लिहून हजेरीच्या मागें, परंतु पहारेकऱ्याच्या पुढें बसविला.

आठ दिवस तीस घरांनीं तें वापरून पाहिलें. नवव्या दिवशीं आमच्या किल्लीची मुदत संपली असतां आम्हीं सहज एक नोंद मागितली, आणि ती उघडली! ती आमच्या भाचीची होती. सासरचा जाच असह्य होऊन ती मुलासह दुसऱ्या गांवीं राहते. तिचा पत्ता आम्हां चौघांनींच पाहावा अशी व्यवस्था आंतल्या खोलींत होती. त्या विश्वासावरच तिनें तो दिला होता. तो पत्ता किल्लीवांचून आमच्यापुढें उभा होता.

नातवानें कारण तत्काळ ओळखलें. सकाळीं चौघांपैकीं एकानें किल्ली दाखवून ती नोंद मागितली होती. कोठारानें काय मागितलें तेवढें पाहिलें, कोणी मागितलें तें पाहिलें नाहीं, आणि उत्तर ठेवून घेतलें. पुढें तेंच मागणारास तें बाहेरच मिळे. मागणी पहारेकऱ्यापर्यंत पोंचतच नसे. आमच्या हातापायांतलें बळ गेलें. नातवानें कोठार बंद केलें आणि हजेरीचें दप्तर उघडलें. त्या नोंदीची मागणी आठ दिवसांत आमच्या चौघांच्या घरांखेरीज कोठूनहि आलेली नव्हती. जो थर आम्ही निरुपयोगी म्हणून काढावयास निघालों होतों, त्यानेंच आम्हांस हा दिलासा दिला.

मीमांसेच्या सूत्रांचा पांचवा अध्याय सबंध क्रमाविषयीं आहे. त्या प्रकरणांतील प्रसिद्ध उदाहरण असें: वचनांत अग्निहोत्राचा होम आधीं सांगितला आहे व यवागू, म्हणजे पेज, शिजविणें मागून, तथापि पेज होमासाठींच असल्यामुळें ती आधीं शिजवावी. पाठक्रमाहून अर्थक्रम बलवान्. हें आम्हीं शिकलों होतों, पण प्रसंगीं उपयोगास आणलें नाहीं. कोठार पुढें ठेवण्याचा क्रम आमच्या अधीरतेनें ठरविला होता, प्रयोजनानें नव्हे.

त्याच रात्रीं आम्हीं भाचीस फोन करून सर्व सांगितलें. ती क्षणभर कांहींच बोलली नाहीं. मग म्हणाली, "मामा, तुम्हीं लपवलं नाहींत, तेवढं पुरे. पण पत्ता आतां काढूनच टाका." तो काढला. कोठारहि गेलें, ईटॅगनें जेवढी बचत होते तेवढीवर आम्ही समाधान मानतों. परदेशच्या मंडळीस अजूनहि किंचित् थांबावें लागतें, आणि ती थांबते.

कोणते थर वगळावे याची यादी चौकट तयार देते. कोणाच्या मागें कोण, हें मात्र ज्याच्या घरीं जपण्यासारखें कांहीं आहे त्यानेंच ठरवावयाचें असतें.